सोलापुरात हायड्रेंजिया कधी आणि कसा हलवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायड्रेंजिया मूळचा थंड, दमट हवेचा आणि आंबट मातीचा. सोलापूर म्हणजे चुनखडीची काळी माती, बोअरचं जड पाणी आणि चाळिशी ओलांडणारा उन्हाळा. तरीही हे झाड इथे जगतं आणि फुलतंसुद्धा, पण चुकीच्या महिन्यात हलवलं तर हमखास जातं. त्यामुळे खालची बरीचशी उत्तरं 'कधी' भोवतीच फिरतात.

सोलापुरात हायड्रेंजिया हलवायची योग्य वेळ कोणती?

पहिली पसंती आषाढ-श्रावण, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. दुसरी पसंती दिवाळी आटोपल्यापासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत. फेब्रुवारी ते जूनचा पहिला पंधरवडा या काळात झाड हलवू नये.

हलवताना कितीही जपलं तरी बारीक मुळं तुटतातच, आणि पाणी ओढायचं काम तीच करतात. ती पुन्हा यायला दीड-दोन महिने लागतात. पानं मोठी आणि पातळ, त्यामुळे पाणी मात्र तेवढंच उडत राहतं. म्हणून पुढचे आठ-दहा आठवडे हवा कशी असणार, हे बघून तारीख ठरवायची. जुलैमध्ये आभाळ भरलेलं असतं, हवेत ओल असते आणि झाडही वाढीला लागलेलं असतं. हे तिन्ही एकत्र आपल्याकडे वर्षात एकदाच मिळतं.

दुसरं कारण फुलांचं. नर्सरीत मिळणारा मोठ्या पानांचा हायड्रेंजिया पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या टोकाला थंडीत कळ्यांचा पाया धरतो. जुलैमध्ये हलवलेल्या झाडाला नवी फांदी करायला वेळ मिळतो. डिसेंबरात हलवलेलं झाड जगतं, पण पुढच्या फुलांवर बहुतेक वेळा पाणी सोडावं लागतं.

सगळीकडे तर 'झाड झोपेत असताना किंवा वसंताच्या सुरुवातीला हलवा' असं लिहिलेलं असतं. ते चूक आहे का?

जिथे हिवाळ्यात पानं पूर्ण गळतात आणि वसंतानंतर सौम्य उन्हाळा येतो, तिथे ते बरोबर आहे. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री पंधरा अंशांच्या आसपास असतात. तेवढ्यात झाड मंदावतं, पण झोपत नाही. आणि तिथला वसंत म्हणजे आपला फाल्गुन-चैत्र. तेव्हा हलवलेल्या झाडासमोर लगेच एप्रिल-मे उभा राहतो. 'मार्चमध्ये हलवा' हा सल्ला सोलापुरात पाळला, तर मेमध्ये रिकामी कुंडी धुवायला लागते.

मृगाचा पाऊस पडला की लगेच हलवलं तर?

थांबा. मृगाच्या एक-दोन सरी पडतात आणि मग आठ-दहा दिवस कोरडं ऊन आणि वारा, हे इथे नेहमीचं आहे. जमिनीची धग निघू द्या, सलग चार-पाच दिवस आभाळ राहू द्या, मग काम काढा. मात्र झाड जमिनीतून काढायचं असेल तर तयारी जूनमध्येच सुरू करावी लागते. ती पुढे सांगितली आहे.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबर?

कुंडीतून कुंडीत बदलायचं असेल तर सप्टेंबर चालतो. जमिनीत लावण्यासाठी नाही. सोलापूरचा सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. काळी माती तेव्हा पाणी धरून बसते आणि ताज्या जखमा असलेली मुळं कुजतात. ऑक्टोबरमध्ये उलटं होतं. आभाळ मोकळं होतं, ऊन टोचायला लागतं आणि नवीन लावलेल्या झाडाची पानं कडेने करपतात. ऑक्टोबर हीट जाऊ द्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलांनी भरलेली कुंडी आणली. मोठ्या कुंडीत कधी हलवू?

जुलैमध्ये. आत्ता नको. ही झाडं बहुधा थंड ठिकाणी किंवा पॉलिहाऊसमध्ये वाढवलेली असतात, आणि इथल्या हवेत येणं हाच त्यांच्यासाठी मोठा धक्का असतो. तोवर कुंडी सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या बाजूला ठेवा. फुलांचा रंग उतरला की गुच्छ लगेच काढा, नाहीतर झाड त्यांनाच पाणी पुरवत बसतं.

मुळं भोकांतून बाहेर आली असतील आणि दिवसातून तीनदा पाणी घालूनही झाड मान टाकत असेल, तर एकच सवलत आहे. मातीचा गोळा न फोडता, मुळं न मोकळी करता, जसाच्या तसा दोन इंच मोठ्या कुंडीत बसवा आणि कडेच्या फटीत मिश्रण भरा. त्याला हलवणं म्हणत नाहीत.

जमिनीत लावू की कुंडीत?

सोलापुरात कुंडीत. जुळे सोलापूर असो की होटगी रोड, बंगल्यांच्या आवारात वर काळी माती आणि खाली चुनखडीचा मुरूम, असंच बहुतेक ठिकाणी सापडतं. अशा मातीचा सामू (आंबटपणा मोजायचा आकडा, पीएच) साडेसात-आठच्या पुढे असतो आणि हायड्रेंजियाला साडेपाच ते साडेसहा लागतो. जिल्ह्यातल्या डाळिंबाला चुन्याची हलकी जमीन चालते, याला नाही.

'मोठा खड्डा घेऊन आतली माती बदलतो' हा उपाय ऐकायला बरा वाटतो, पण काळ्या मातीत तो खड्डा हौद होतो. आतली हलकी माती पाणी पटकन घेते, बाजूची चिकण माती ते पुढे जाऊ देत नाही आणि सप्टेंबरात मुळं पाण्यात उभी राहतात. शिवाय वर्ष-दोन वर्षांत बाजूचा चुना आत झिरपतोच. जमिनीतच लावायचं असेल तर खाली खणण्याऐवजी वर चढा: विटा रचून एक ते दीड फूट उंच, तीन फूट रुंद ओटा करा आणि तो मिश्रणाने भरा. विटा कोरड्याच रचा. सिमेंटच्या सांध्यांतूनही चुना मातीत उतरतो.

मिश्रण काय घ्यायचं?

चौदा इंची कुंडीसाठी मापाने:

- चाळलेली लाल माती ३ भाग
- भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३ भाग
- कुजलेल्या पानांचं खत २ भाग
- जुनं, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत १ भाग
- जाड वाळू १ भाग

लाल माती म्हणून विकली जाणारी प्रत्येक माती चुनामुक्त नसते. विकत घेण्याआधी चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसली, बारीक बुडबुडे आले, तर तिच्यात चुना आहे. ती माती गुलाबाला ठेवा. वाळूचीही अशीच परीक्षा घ्या. नदीच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असू शकतो, आणि तोही चुनाच.

कोकोपीटमध्ये मीठ असू शकतं. वीट बादलीत फुगवायची, पिळायची, पाणी फेकायचं, असं दोनदा-तीनदा. शेणखत चाळणं टाळू नका. त्यात हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी 'सी'सारख्या वाकलेल्या अळ्या असतात आणि त्या नवी मुळं खाऊन टाकतात. अर्धवट कुजलेलं खत असेल तर वाळवीही येते. हाताला ऊब लागली किंवा शेणाचा वास आला, तर ते खत अजून कच्चं आहे.

जमिनीतलं झाड काढायची पद्धत सांगा.

दोन फूट उंचीच्या झाडाचा हिशेब देतो. मोठं असेल तर त्या प्रमाणात वाढवा.

१. हलवण्याच्या चार-पाच आठवडे आधी बुंध्यापासून २० सेंटिमीटरवर अर्धं वर्तुळ आखा आणि धारदार फावड्याने २५ सेंटिमीटर खोल सरळ चीर द्या. मुळं तिथे तुटतात आणि गोळ्याच्या आतच नवी तंतुमुळं धरतात. उरलेलं अर्धं वर्तुळ हलवतानाच कापायचं. हायड्रेंजियाची मुळं उथळ आणि पसरट असतात, त्यामुळे खोलीपेक्षा घेर महत्त्वाचा.

२. नवी जागा किंवा कुंडी आधी तयार ठेवा. झाड उपटून मग कुंडी शोधायला गेलात, तर तेवढ्या वेळात मुळं सुकतात.

३. माती वाफशावर असताना खणा. काळ्या मातीत हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. ओली असेल तर ती फावड्याला लोण्यासारखी चिकटते आणि गोळा दाबून विटेसारखा घट्ट होतो. कोरडी असेल तर ढेपा सुटतात आणि मुळं त्यांच्याबरोबर तुटून येतात. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि अंगठ्याने टिचकी मारली की फुटावा, तेव्हा वाफसा आला समजा. पाऊस नसेल तर दोन दिवस आधी भरपूर पाणी देऊन वाफशाची वाट पाहा.

४. संध्याकाळी पाचनंतर किंवा ढगाळ दिवशी काम करा. सगळं वर्तुळ कापून घ्या, मग फावडं तिरकं घालून तळ सोडवा. झाड बुंध्याला धरून ओढू नका.

५. गोळ्याखाली ओलं गोणपाट सरकवा, चारही टोकं वर घेऊन सुतळीने बांधा. ओल्या काळ्या मातीचा एवढा गोळा तीस-चाळीस किलो भरतो, दोघांनी उचला.

६. नव्या जागी आधीच्याच उंचीवर बसवा. गोळ्याचा वरचा काठ आणि नवी माती एका पातळीत. बुंधा मातीत पुरला तर साल कुजू शकते.

७. गोणपाट काढा. गोळ्याचा बाहेरचा एक-दीड इंच काळा थर बोटांनी किंवा खुरप्याच्या टोकाने हलकेच खरवडून टाका, म्हणजे मुळांची टोकं नव्या मिश्रणाला टेकतील. हे राहून गेलं तर पुढे फसगत होते. काळा गोळा सुकताना आकसतो, भोवती बोटभर फट पडते, पाणी फटीतून खाली निघून जातं आणि गोळा आत कोरडाच राहतो. वरून माती ओली दिसत असते, झाड मात्र तहानेने मरत असतं.

८. मिश्रण तीन थरांत भरा. प्रत्येक थरानंतर पाणी घालून बसू द्या. पायाने तुडवू नका.

कुंडीतून कुंडीत बदलताना काय वेगळं?

फारसं नाही. एका वेळी दोन-तीन इंचच मोठी कुंडी घ्या, बारावरून चौदा. एकदम वीस इंची कुंडीत लावलं तर मुळं नसलेली माती ओलीच राहते. आदल्या दिवशी पाणी द्या, कुंडी आडवी करून कडा थोपटा. मुळांचा गरगर फिरलेला वेढा दिसला तर धारदार सुरीने बाजूने तीन-चार ठिकाणी उभी, अर्धा इंच खोल चीर द्या.

काळी प्लॅस्टिकची कुंडी गच्चीवर नको. उन्हात तिची बाजू इतकी तापते की कडेची मुळं शिजतात. जाड मातीची किंवा फिक्या रंगाची कुंडी बरी.

हलवल्यानंतर पाणी किती आणि कोणतं?

लावल्या दिवशी चौदा इंची कुंडीला तीन-चार लिटर, खालून पाणी निघेपर्यंत. त्यानंतर रोजचा रतीब नको. बोट एक इंच आत घालून माती कोरडी लागली तरच द्या. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांनी एकदा, डिसेंबरात दोन दिवसांनी आणि एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ दीड ते दोन लिटर, असा साधारण अंदाज. आठवणीसाठी ठीक आहे, खरा निकाल बोटाचाच.

कोणतं पाणी, हा सोलापुरातला जास्त अवघड भाग. बोअरचं पाणी जड; कुंडीच्या बाहेर पांढरी पापडी दिसायला लागली की मातीत चुना साठतोय हे नक्की. नळाचं बरं, पण ते रोज येईलच असं नाही. सगळ्यात चांगलं पावसाचं. शंभर चौरस फूट पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे नव्वद लिटर पाणी जमतं. झाकणाचं एक पिंप भरून ठेवलं तर एका झाडाचे बरेच आठवडे निघतात. झाकण डासांसाठी लागतंच.

बोअरशिवाय इलाज नसेल तर दहा लिटरच्या बादलीत किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, सुमारे दोन ग्रॅम (छोटा अर्धा चमचा) विरघळवा. पाण्याचा अल्कपणा कमी होतो. क्षार मात्र जात नाहीत, म्हणून महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर साधं किंवा पावसाचं पाणी वाहू द्या.

हलवल्यावर झाड रोज दुपारी माना टाकतं. मेलं का?

दुपारी बघूच नका. सकाळी आठला बघा. रात्रभरात पानं ताठ झाली असतील तर काळजी नाही. मुळं कमी आहेत, पानं जास्त, म्हणून दुपारी ओढाताण होते. अशा वेळी पाणी वाढवू नका, सावली वाढवा. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट पावसाळ्यात पुरते, मार्चपासून पंचाहत्तर टक्क्यांची. जुलैचा वाराही पानं सुकवतो, तेव्हा पश्चिमेला आडोसा द्या.

सकाळीही मान खाली असेल तर दोन शक्यता. माती कोरडी असेल तर गोळ्यात पाणी पोहोचत नाही: कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा. माती ओली असेल आणि आंबूस वास येत असेल तर मुळं कुजताहेत. पाणी बंद करा, भोकं मोकळी करा. तपकिरी, पिचपिचीत मुळं कापून नव्या मिश्रणात लावणं हा शेवटचा उपाय, आणि त्याला यश कमीच येतं.

मातीवर झाकण म्हणून काय पसरू?

उसाचं पाचट. दोन इंच थर, बुंध्यापासून तीन बोटं लांब. संगमरवराचे पांढरे खडे दिसायला छान, पण तेही चुनखडीच. ते टाळा.

छाटणी करून हलवू का?

गुलाबासारखी नको. गुलाब छाटला की नव्या फांदीला फूल येतं. इथे छाटलेल्या टोकाबरोबर पुढची कळी जाते. सुकलेले गुच्छ, मेलेल्या काड्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक, आत वाढलेल्या फांद्या एवढंच काढा. खूप मुळं तुटली असतील तर खालची मोठी पानं अर्धी कापा, फांद्यांची टोकं ठेवा.

पानं पिवळी, शिरा हिरव्या. खत कमी पडलं का?

लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे झाडाला मिळत नाही. नव्या, टोकाच्या पानांवर आधी दिसतं, ही त्याची खूण. जुनी, खालची पानं सगळीच पिवळी पडत असतील तर ती नत्राची कमतरता किंवा जास्त पाणी.

चुन्याच्या मातीत हिराकस (लोहाचा क्षार) टाकला तर तो काही दिवसांत बांधला जातो. कृषी दुकानात 'ईडीडीएचए' प्रकारचं चिलेटेड लोह मागा. ते साडेसातच्या वरच्या सामूतही टिकतं. 'ईडीटीए' प्रकारचं तिथे फारसं टिकत नाही. तातडीसाठी लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारा. पण पाणी आणि माती तीच राहिली तर पिवळेपणा परत येणार.

खत कधी द्यायचं?

हलवल्यावर सहा आठवडे काही नाही. मग महिन्याला मूठभर गांडूळखत पुरतं. भर उन्हाळ्यात पुन्हा बंद.

जागा बदलल्यावर निळी फुलं गुलाबी झाली. परत निळी होतील?

आंबट मातीत ॲल्युमिनियम झाडाला मिळतं आणि फूल निळं होतं. चुन्याच्या मातीत ते अडकतं आणि फूल गुलाबी. सोलापुरात काहीच केलं नाही तर गुलाबीच येणार, आणि प्रामाणिक मत विचाराल तर गुलाबीत समाधान मानावं. हौस असेलच तर कुंडीत, मुळं नीट बसल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर पंधरा दिवसांतून एकदा एक लिटर पाण्यात तीन ग्रॅम तुरटी विरघळवून ओल्या मातीत द्या. कोरड्या मातीत दिली तर मुळं भाजतात. त्याबरोबर हाडांचं खत किंवा सुपर फॉस्फेट नको, स्फुरद ॲल्युमिनियमला बांधून ठेवतं. पांढऱ्या जातींवर याचा काही परिणाम होत नाही.

घर बदलायचंय आणि तारीख मे महिन्यातली आहे. काय करू?

कुंडीतलं असेल तर कुंडीसकट न्या, माती बदलू नका. टेम्पोत उघड्यावर नेलं तर वाऱ्याने पानं सुकतात. ओल्या चादरीत गुंडाळून पहाटे न्या.

जमिनीतलं असेल तर शक्य तेवढा मोठा गोळा काढा, अर्धी पानं कापा आणि थेट नव्या जागी न लावता कुंडीत, पूर्ण सावलीत ठेवा. जगेलच असं नाही. म्हणून आधीच फांद्या लावून ठेवा.

फांद्या कशा लावायच्या?

जुलैमध्ये, फूल न आलेल्या फांदीचं चार-पाच इंची टोक, दोन पेरं असलेलं. खालची पानं काढा, वरची दोन पानं अर्धी कापा, खालचं पेर मिश्रणात जाईल असं लावा. कोकोपीट आणि वाळू निम्मं-निम्मं. वरून पारदर्शक पिशवी, जागा सावलीची. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. हलवण्याआधी अशा चार-सहा काड्या लावल्या तर मूळ झाड गेलं तरी जात हातची जात नाही.

हलवल्यावर फुलं कधी येतील?

जुलैमध्ये नीट हलवलेल्या झाडाला पुढच्या वर्षी थोडी, त्यानंतर जास्त. गुच्छ मात्र महाबळेश्वरएवढे भरघोस होत नाहीत. हिवाळा उबदार गेला तर कळ्या धरतच नाहीत, आणि त्यावर खताचा उपाय नाही.

कीड?

उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी. पान निस्तेज, ठिपक्याठिपक्याचं दिसलं की सकाळी पानांच्या मागच्या बाजूला जोराने पाणी मारा. खोडाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा.

मोगरा, जास्वंद, गुलाब यांनाही हेच वेळापत्रक?

मोगरा आणि जास्वंद जुलै-ऑगस्टमध्ये बिनधास्त हलवा, दोन्ही सोशिक. गुलाब पावसाळा ओसरल्यावरच्या छाटणीबरोबर.

हायड्रेंजिया विषारी असतो का?

पानं, कळ्या आणि फुलं पोटात गेली तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. शेळी, कुत्रं किंवा रांगतं मूल आवारात असेल तर कुंडी उंच ठेवा आणि छाटलेली पानं चाऱ्यात टाकू नका. काही जणांच्या हाताला रसाने खाज सुटते; छाटताना हातमोजे घाला.